वर्गात तारेची व्यक्तिचित्रे करून घेताना

तारेला हात लावण्यापूर्वी विद्यार्थ्यांकडून पेन्सिल न उचलता, एकाच सलग रेषेत शेजाऱ्याचा चेहरा काढून घ्यावा; कारण भुवईवरून नाकाच्या शेंड्यापर्यंत आणि तिथून ओठांकडे रेषा कशी न्यायची, हा प्रश्न कागदावर सुटला नाही, तर तारेत हमखास गुंता होतो. अमेरिकन शिल्पकार अलेक्झांडर काल्डर यांनी 1926च्या सुमारास पॅरिसमध्ये नर्तकी जोसेफीन बेकर यांची तारशिल्पे करायला सुरुवात केली, त्या शिल्पांची छायाचित्रे अवश्य दाखवावीत. मोजक्या वळणांतही ओळख पटते, हे मुलांना त्यातून आपोआप कळते.

तार दीड ते दोन मिलिमीटर जाडीची, ॲल्युमिनियमची घ्यावी. बांधकामाची तार स्वस्त असली तरी ती गंजते आणि बोटे काळी करते, म्हणून मी ती टाळतो. एकाच जागी दोन-चार वेळा वाकवलेली तार कडक होऊन तुटते. तेव्हा चुकलेले वळण पुन्हा पुन्हा सरळ करू देऊ नये. तोडताना तुकडा उडून डोळ्याला लागू शकतो, म्हणून दोन्ही टोके धरायला लावावीत आणि उघडी टोके पकडीने आत वळवून घ्यावीत. केसांचा हव्यास मात्र सर्वांत शेवटी पुरवावा.