पाइपची व्हॅनिलावाली गोड तंबाखू आता नकोशी वाटते, पुढे काय ट्राय करू?

हे होतंच हो. बहुतेक जण व्हॅनिला नाहीतर चेरीवाल्या ॲरोमॅटिकनेच (वरून सुवास घातलेल्या तंबाखूनेच) सुरू करतात, वास भारी येतो ना (पण तो शेजारच्याला, आपल्या तोंडात नुसती गरम वाफ!), मग वर्ष-दोन वर्षांत कंटाळा येतो. मी व्हर्जिनिया जातीच्या तंबाखूकडे वळलो, तिच्यात मुळातच साखर जास्त, वाळल्या गवतासारखा गोडवा, फक्त भराभर ओढली की जीभ पोळते. नंतर पेरीक घातलेली व्हर्जिनिया घेतली, पेरीक म्हणजे अमेरिकेतल्या लुइझियानात सेंट जेम्स पॅरिशमध्ये पिंपात दाबून आंबवतात ती तंबाखू, मनुका आणि मिरी असा काहीसा ठसका.

लटाकिया तंबाखूचा मात्र एकदम मोठा डबा घेऊ नका, ती लाकडाच्या धुरावर धुरवलेली असते, चुलीपाशी बसल्यासारखं वाटतं, कुणाला पहिल्या झुरक्यात आवडते कुणाला कधीच नाही. आणि तिच्यासाठी पाइप वेगळा ठेवा, पाइपच्या ब्रायर लाकडात वास मुरतो, माझा एक चांगला पाइप असाच गेला, काहीही भरा लटाकियाच लागते. धूर आत घेतला नाही तरी तोंडाच्या कॅन्सरचा धोका असतोच, ते माहीत असेलच.

व्हर्जिनिया उरली तर फेकू नका, बरणीत घट्ट बंद करून ठेवा, लोणच्यासारखी मुरते.