नानांची झडप पाच वर्षंच टिकणार का?

प्रश्न : डॉक्टर, नमस्कार. आमचे नाना म्हणजे सासरे, वय ८३, बायपास आधीच झालेली, किडनीपण जरा वीक. दीड वर्षापूर्वी छाती न उघडता जांघेतून नळी घालून हार्टची झडप बदलली, टावी म्हणतात ते. आता रोज रामकुंडापर्यंत चालत जाऊन येतात. पण घाटावरच्या एका मित्राने सांगितलं की अशी झडप बसवलेले निम्म्याहून जास्त लोक पाच वर्षांत जातात, तेव्हापासून नाना मनातल्या मनात वर्षं मोजत बसलेत. झडप एवढ्यात खराब होते का? आणि एक दाढ हलतेय, काढली तर चालेल का?
– एक सून, पंचवटी

उत्तर : ताई, मित्राचा आकडा खोटा नाही, पण अर्धाच आहे. पार्टनर नावाच्या ट्रायलमध्ये ऑपरेशनला हाय रिस्क असे ६९९ पेशंट होते, सरासरी वय ८४, काहींना नळीतून झडप, काहींना छाती उघडून. पाच वर्षांत नळीवाल्यांतले साधारण ६८ टक्के गेले आणि ऑपरेशनवाल्यांतले ६२, म्हणजे उन्नीस-बीसच म्हणा. पण झडप झिजली म्हणून ऑपरेशन करून बदलावी लागली असा दोन्हीकडे एकही नाही! माणसं गेली ती बरीचशी वयानं, किडनीनं, फुफ्फुसानं, हार्ट आधीच थकलेलं होतं त्यानं. आणि ज्यांना ऑपरेशन झेपणारच नव्हतं त्यांच्यात झडप न बदललेले पाच वर्षांत ९४ टक्के गेले, बदललेले ७२. हे मात्र मित्र सांगत नाही.

खरी कटकट असते ती झडपेच्या कडेने होणाऱ्या लीकची. त्याच ट्रायलमध्ये पाच वर्षांनी मध्यम किंवा जास्त लीक नळीवाल्यांत १४ टक्क्यांना होतं, ऑपरेशनवाल्यांत १ टक्क्याला, आणि लीकवाल्यांचं पुढे जरा वाईटच झालं. नंतरच्या झडपांना बाहेरून झालरीसारखं कापड असतं त्यामुळे लीक बरंच कमी झालंय. म्हणून दरवर्षी इको चुकवू नका, आणि रिपोर्टमध्ये लीक किती लिहिलंय ते डॉक्टरांना मुद्दाम विचारा.

घरी बघायचं ते असं. संध्याकाळी मोजे काढल्यावर खोल वळ राहतो का, झोपायला एकाच्या दोन उशा लागायला लागल्या का, दोन-तीन दिवसांत वजन दोन किलो वाढलं का. रामकुंडाच्या पायऱ्या चढताना आधी थांबत नव्हते तिथे आता थांबतात का, हे तर इकोच्या आधी तुम्हालाच कळेल. चक्कर येऊन पडले तर थेट हॉस्पिटल, कारण या झडपेनंतर काहींना पेसमेकर लागतो.

दाढ काढा, उलट सडकी दाढ ठेवणं जास्त धोक्याचं, तिथले जंतू रक्तातून झडपेवर जाऊन बसतात. फक्त डेंटिस्टला झडपेचं कार्ड आधी दाखवा, काढण्यापूर्वी अँटिबायोटिकचा डोस द्यावा लागतो. आणि रक्त पातळ करायची गोळी शेजाऱ्यांच्या सल्ल्याने बंद करू नका, हार्टच्या डॉक्टरांना एक फोन लावा.