लॅपटॉप सुरू होतो, पंखा फिरतो, पण स्क्रीनवर काहीच दिसत नाही. दुकानदार म्हणतो मदरबोर्ड गेला. खरंच गेला असेल का?

तुमच्या प्रश्नातून एवढं समजलं: मुलीचा पाच वर्षांचा लॅपटॉप आहे. बटण दाबलं की लाइट लागते, पंखा फिरतो, पण स्क्रीन काळी ठिक्कर. दुकानदाराने मागचं झाकणही न उघडता 'बोर्ड गेला, नवीनच घ्या' असं सांगितलं, आणि मुलीचा कॉलेजचा प्रोजेक्ट आत अडकलाय.

आधी प्रोजेक्टचं सांगतो, कारण जीव त्यातच टांगलेला असणार. फाइली एसएसडीवर किंवा हार्ड डिस्कवर असतात, आणि स्क्रीन काळी होण्याशी त्या डिस्कचा सहसा काहीच संबंध नसतो. बोर्ड खरोखर गेला असला तरी बहुतेक लॅपटॉपमधली डिस्क काढून, यूएसबीच्या केसमध्ये घालून दुसऱ्या कॉम्प्युटरला लावता येते. फक्त 'एकदा विंडोज मारून बघू' असं कोणी म्हणालं तर स्पष्ट नाही म्हणा. काळ्या स्क्रीनवर विंडोज नव्याने टाकणं हा उपाय नाही, आणि त्यात आहे तो डेटा मात्र जाऊ शकतो.

मी लॅपटॉप दुरुस्तीचंच काम करतो. 'नो डिस्प्ले' म्हणून येणाऱ्या मशीनमध्ये बोर्ड गेलेले असतात, नाही असं नाही. पण तो निष्कर्ष सगळ्यात शेवटी काढायचा असतो, झाकण न उघडता नाही. काळी स्क्रीन दिसते एकच, पण तिच्यामागे तीन वेगळ्या गोष्टी असू शकतात. एक, मशीन सुरूच होत नाहीये, नुसतीच वीज खेळतेय. दोन, मशीन नीट सुरू झालंय, पण चित्र स्क्रीनपर्यंत पोचत नाही. तीन, चित्र पोचलंय, पण मागचा उजेड गेलाय म्हणून दिसत नाही. यातलं आपलं कोणतं, हे घरी बसून बऱ्यापैकी ओळखता येतं.

चार्जर लावा, लॅपटॉप सुरू करा आणि दोन-तीन मिनिटं तसाच राहू द्या. मग कॅप्स लॉक दाबा. त्याचा छोटा दिवा प्रत्येक दाबाला लागत-विझत असेल तर मशीन जिवंत आहे, ते तुमचं ऐकतंय. दिवा ढिम्म हलत नसेल तर ते सुरू होतानाच कुठेतरी अडकलंय. काही मॉडेलला हा दिवाच नसतो. मग फोनचा हॉटस्पॉट चालू करून बघा. लॅपटॉप नेहमी त्या हॉटस्पॉटला आपोआप जोडला जात असेल, तर फोनवर 'एक डिव्हाइस जोडलंय' असं दिसेल. ते दिसलं की विंडोज आत पूर्ण सुरू झालंय असं समजा. मग मेंदू शाबूत आहे, दोष डोळ्यांचा आहे.

कॅप्स लॉकचा दिवा आपणहून लुकलुकत असेल तर मात्र ते बिघाडाचं बोलणं असतं, ते मोजून ठेवा. डेलच्या बऱ्याच मॉडेलमध्ये पॉवरचा किंवा बॅटरीचा दिवा आधी पिवळसर आणि मग पांढरा, असा ठरावीक वेळा लुकलुकतो. २ पिवळे आणि ३ पांढरे म्हणजे रॅम सापडत नाही, २ आणि ४ म्हणजे रॅम खराब, २ आणि ७ म्हणजे स्क्रीनची बाजू. एचपीमध्येही अशी खूण असते, पण आकडे मॉडेलनुसार बदलतात. तुमच्या मॉडेलचा नंबर टाकून कंपनीच्या साइटवर शोधलंत तर अर्थ मिळेल. मोबाइलवर त्या दिव्याचा व्हिडिओ काढून ठेवणं सगळ्यात बरं. दुकानात तो दाखवला की समोरच्यालाही नेमकं बोलावं लागतं.

आता टॉर्च. खोलीत अंधार करा, लॅपटॉप चालू ठेवा आणि मोबाइलचा टॉर्च स्क्रीनच्या अगदी जवळ, तिरका धरा. सरळ समोरून धरलात तर नुसती चकाकी दिसेल. हळूहळू सरकवत न्या. विंडोजचं चिन्ह, घड्याळ, वॉलपेपरची कडा असं काही पुसट, भुतासारखं दिसलं तर गोष्ट स्पष्ट झाली: चित्र तयार होतंय, पॅनलही ठीक आहे, फक्त मागचा उजेड लागत नाही. एलसीडी पॅनलला स्वतःचा प्रकाश नसतो. त्याच्या कडेला एलईडीची बारीक पट्टी असते, तिचा उजेड मागून पसरतो. ती पट्टी, तिला वीज देणारी वाट किंवा बोर्डावरचा एक चिमुकला फ्यूज, यातलं काहीतरी गेलेलं असतं. ओएलईडी स्क्रीनला मागचा उजेडच नसतो, त्यामुळे तिथे टॉर्चचा उपयोग नाही. हे करताना एकदा कीबोर्डवरून ब्राइटनेसही वाढवून बघा. क्षुल्लक वाटेल, पण ते बघायलाच हवं.

तिसरी परीक्षा बाहेरच्या स्क्रीनची. घरातल्या टीव्हीला एचडीएमआयने जोडा आणि टीव्हीवर तोच इनपुट निवडा. चित्र आलं तर बोर्ड, ग्राफिक्स आणि विंडोज, सगळं जागेवर आहे. दोष सहसा लॅपटॉपच्या स्क्रीनचा, तिच्या केबलचा किंवा उजेडाच्या त्या फ्यूजचा. लगेच आलं नाही तर विंडोज आणि पी एकत्र दाबून बघा. तिथूनच पाहिजे ती स्क्रीन निवडली जाते. विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी या चार कळा एकदम दाबल्या तर ग्राफिक्सचा ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. स्लीपमधून उठताना काळी पडलेली स्क्रीन कधी कधी एवढ्यानेच परत येते. टीव्हीवर चित्र आलं की बाकी सगळं बाजूला ठेवा आणि तिचा प्रोजेक्ट आधी पेन ड्राइव्हवर काढून घ्या. दुरुस्ती नंतर.

डेल असेल तर अजून एक सोय आहे. लॅपटॉप पूर्ण बंद करून 'डी' कळ दाबून धरा आणि तशीच पॉवर दाबा. स्क्रीनवर एकामागून एक सपाट रंग यायला लागले तर पॅनल ठीक आहे. ही तपासणी स्क्रीनच्या आतलीच असते, विंडोजचा तिच्याशी संबंध नाही.

मशीन चालू आहे पण स्क्रीन नाही, असं निघालं तर माझा पहिला संशय केबलवर जातो. बोर्डाकडून निघालेली ही बारीक केबल बिजागरीतून वर पॅनलपर्यंत जाते, आणि झाकण उघडताना-मिटताना दर वेळी तिथे वाकते. झाकण हलवलं की चित्र येतं-जातं, ठरावीक कोनातच दिसतं, हे केबलचं लक्षण. मुलीला विचारा, पूर्णपणे जायच्या आधी काही दिवस स्क्रीन लुकलुकत होती का. हा प्रकार महागड्या मशीनमध्येही होतो. २०१६ च्या १३ इंची मॅकबुक प्रोमध्ये अशीच केबल झिजून उजेड जात होता, आणि मे २०१९ मध्ये अ‍ॅपलने त्यासाठी फुकट दुरुस्तीची योजना काढली. केबल पॅनलपेक्षा बरीच स्वस्त असते आणि पॅनल बोर्डपेक्षा. म्हणून तपासायचा क्रमही तसाच हवा, केबल आधी.

एक वेगळं कारण हमखास सुटतं. झाकण मिटलंय हे लॅपटॉपला कळतं ते चुंबकामुळे. झाकणात छोटं चुंबक असतं आणि खालच्या भागात ते ओळखणारा सेन्सर. त्या जागेजवळ दुसरं चुंबक आलं की लॅपटॉपला वाटतं झाकण बंद झालं, आणि तो स्क्रीन विझवतो. एक लॅपटॉप दुसऱ्या लॅपटॉपवर ठेवून वापरणं, चुंबकाची कडी असलेलं मनगटातलं कडं, चुंबकाचं फोन कव्हर, एवढं पुरतं. माझ्याकडे एक ताई असाच लॅपटॉप घेऊन आल्या होत्या. घरी काळा, माझ्या टेबलावर एकदम ठीक. नीट विचारल्यावर कळलं की घरी तो कायम ऑफिसच्या लॅपटॉपवर ठेवलेला असे. तुमच्याही लॅपटॉपच्या आजूबाजूचं सगळं दूर करून एकदा बघा.

आता कॅप्स लॉक ढिम्म असेल तर काय? चार्जर काढा. बॅटरी बाहेरून निघणारी असेल तर तीही काढा. मग पॉवरचं बटण ३० सेकंद सलग दाबून धरा, सोडा, नुसता चार्जर लावून सुरू करा. बोर्डावर वीज सांभाळणारी एक छोटी चिप असते. ती कधी कधी अडकून बसते, आणि उरलेली वीज पूर्ण उतरल्याशिवाय सुटत नाही. बॅटरी आत बंद असली तरी बटण दाबून धरायला हरकत नाही. काही थिंकपॅडला खालच्या बाजूला टाचणीएवढं भोक असतं, त्यात पेपरक्लिपचं टोक दाबलं की हेच काम होतं.

एवढ्याने झालं नाही तर रॅम. आपल्याकडे, विशेषतः कोकणात आणि मुंबईच्या पावसाळ्यात, रॅमच्या संपर्कपट्ट्यांवर हवेतल्या दमटपणाने थर चढतो आणि मशीन रॅम ओळखेनासं होतं. रॅम काढून पुसायचं काम स्वतः करायला हात स्थिर हवेत, आणि वॉरंटी संपलेली असावी. मागचे स्क्रू काढा, ते कुठले कुठे होते याचा फोटो घ्या, कव्हर उचला आणि सगळ्यात आधी बॅटरीचं कनेक्टर बोर्डापासून सोडवा. हे टाळून पुढे जाऊ नका. रॅमच्या दोन्ही बाजूंना धातूच्या छोट्या क्लिपा असतात. त्या बाहेरच्या बाजूला सरकवल्या की पट्टी आपोआप तिरकी उचलली जाते. तिच्या सोनेरी कडेवरून शाळेतलं पांढरं खोडरबर हलक्या हाताने फिरवा, दोन्ही बाजूंनी, मग भुगा पुसून घ्या. परत तिरकीच आत सरकवा, सोनेरी कड जवळजवळ दिसेनाशी होईपर्यंत, आणि मग खाली दाबा. क्लिप 'टक' करून बसली पाहिजे. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून, खाचा बदलून बघा. नव्या डीडीआर ५ मशीनमध्ये रॅम हलवल्यावर पहिल्यांदा सुरू होताना स्क्रीन काही मिनिटं काळीच राहू शकते. मशीन रॅमची ओळख करून घेत असतं, त्यामुळे घाईने बटण दाबू नका. बऱ्याच पातळ लॅपटॉपमध्ये मात्र रॅम बोर्डालाच सोल्डर केलेली असते, तिथे हा उपाय नाही.

केबलला मात्र घरी हात लावू नका. बॅटरी जोडलेली असताना स्क्रीनची केबल काढली-घातली तर उजेडाच्या लाइनची वीज शेजारच्या पिनवर जाऊ शकते आणि बोर्डावरचा फ्यूज उडू शकतो, कधी चिपही. बरेच लॅपटॉप केबल हलवून बघण्याच्या नादात असे बिघडतात. उडालेला फ्यूज मात्र चिप लेव्हलचं काम करणारा, म्हणजे बोर्डावरचे बारीक भाग सुटे बदलणारा माणूस बदलून देतो, त्यासाठी बोर्ड टाकायची गरज नसते.

हे सगळं करूनही टीव्हीवर चित्र नाही, कॅप्स लॉक नाही, रॅमने फरक नाही, तर मग बोर्डाचा विषय येतो. तेव्हाही नवीन बोर्डाआधी चिप लेव्हलवाल्याला दाखवा. ग्राफिक्सच्या चिपला 'हीट मारून' देतो असं कोणी म्हणालं तर पैसे देऊ नका. तो प्रकार जास्त गाजला २००८ च्या सुमारास, एनव्हिडियाच्या काही लॅपटॉप चिप तापून निकामी होत होत्या तेव्हा. गरम करून चालू झालेली मशीन थोड्या दिवसांनी परत काळी पडत. कायमचा इलाज चिप बदलण्याचाच होता.

बोर्ड बदलायचंच ठरलं तर आधी बिटलॉकरची, म्हणजे विंडोजच्या डिस्क-कुलपाची किल्ली शोधून ठेवा. विंडोज १० आणि ११ चे बरेच लॅपटॉप डिस्क आपोआप कुलूपबंद करतात. बोर्ड बदलला, किंवा डिस्क काढून दुसरीकडे लावली, की ४८ आकडी रिकव्हरी की मागतात. ती मुलीच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात, तिच्या डिव्हाइसच्या यादीत मिळते. फोनवरूनही लॉगिन करून बघता येईल. आज रात्रीच बघा, कारण ती नसेल तर डिस्क शाबूत असूनही प्रोजेक्ट उघडणार नाही.

दुकानात देताना पावतीवर लिहून घ्या: मॉडेल आणि सीरियल नंबर, 'डेटा डिलीट करू नये', आणि जुना काढलेला भाग परत. बाहेरच्या मॉनिटरवर चित्र येतं की नाही ते तुमच्या समोरच दाखवायला सांगा, त्याला दोन मिनिटंही लागत नाहीत. नवीन पॅनल टाकायचं ठरलं तर जुन्याच्या पाठीवरचा नंबर आणि कनेक्टर ३० पिनचं आहे की ४० पिनचं, हे जुळवूनच मागवायला सांगा. आणि दाखवायला नकार दिला, तर लॅपटॉप उचला आणि दुसऱ्या दुकानात न्या.