तिसरी उशी

प्रश्न : माझे वय ३४ आहे. मेंदूतला दाब वाढण्याच्या आजारामुळे चार महिन्यांपूर्वी माझ्या डोक्यात शंट (मेंदूभोवतीचा जास्तीचा द्रव काढून नेणारी नळी) बसवण्यात आला. टाके सुकले, केस वाढले आणि घरच्यांच्या लेखी माझे आजारपण संपले. नवरा रोज सकाळी ‘कसं वाटतंय?’ असे विचारतो, पण उत्तर ऐकायच्या आत कामाला लागतो. मी थकून बसले की सासूबाई म्हणतात, ‘आता तर ऑपरेशनही झालं.’ मी वाद घालत नाही, ‘बरं आहे’ म्हणून विषय संपवते. ऑपरेशननंतर मी एका उशीवर झोपू लागले होते, गेले दोन आठवडे तीन लागतात, एवढेच काय ते. माझे दुखणे या माणसांना कसे समजावून सांगू?

उत्तर : तुमचे पत्र चार पानी होते, त्यातला मुख्य मजकूर वर दिला आहे. त्या चार पानांत सासूबाईंच्या एका वाक्याला अर्धे पान मिळाले आणि उशांना जेमतेम एक ओळ, तीही ‘एवढेच काय ते’ अशी शेपटी लावून. घरच्यांना कसे समजवायचे हा तुमचा प्रश्न मी आज बाजूला ठेवते आहे, कारण त्याला पुढच्या आठवड्यातही उत्तर देता येईल. उशांचे तसे नाही.

दुसरी उशी कोणत्या रात्री घेतलीत आणि तिसरी कधी, ते आठवून पाहा. कवटी हे झाकण न उघडणारे भांडे आहे. मेंदू आणि मज्जारज्जू यांच्याभोवती एका वेळी सुमारे १५० मिलिलिटर द्रव असतो, आणि शरीर दिवसाकाठी जवळपास अर्धा लिटर नवा द्रव तयार करते. जुन्याचा निचरा त्याच वेगाने झाला नाही, तर दाब चढणारच. आडवे झाल्यावर तो आणखी चढतो, म्हणून या आजारात डोके बहुधा पहाटे ठणकते आणि उठून बसल्यावर थोडे हलके होते. शंटची नळी जास्तीचा द्रव कातडीखालून, मानेवरून आणि छातीवरून बहुतेक वेळा पोटाच्या पोकळीत नेऊन सोडते, आणि किती दाबाला वाट करून द्यायची हे तिच्यावरचा व्हॉल्व्ह ठरवतो. शंट गरजेपेक्षा जास्त द्रव काढू लागला, तर सहसा उलटे घडते : उभे राहिले की डोके दुखते आणि पडल्यावर बरे वाटते. तुम्हाला तर आडवे होणेच सोसत नाही. नळी तुंबली असेल, व्हॉल्व्हची पातळी बदलायची असेल किंवा कारण अगदीच वेगळे आणि साधे असेल. ते मी पत्रावरून सांगू शकत नाही, आणि तुम्हीही दर आठवड्याला एक उशी वाढवून ते शोधू शकणार नाही.

‘मला दिसते तर नीट’ असे कृपा करून सांगू नका. दाब वाढला की डोळ्यामागच्या नसेच्या मुखाशी सूज येते आणि नजर बहुधा कडेकडून कमी होत जाते; तक्त्यावरची समोरची अक्षरे मात्र बऱ्याच उशिरापर्यंत स्वच्छ वाचता येतात. अशी गेलेली नजर परत येतेच असे नाही.

तुम्ही हे घरात का बोलला नाहीत, याचा मला अंदाज आहे. एकदा केस काढून, टाके घालून घेतलेल्या माणसाला त्याच दारात पुन्हा उभे राहण्याची धास्ती वाटते, आणि ‘ऑपरेशनही झालं’ हे वाक्य ऐकून ऐकून दुखणे उलटले तर तो आपलाच दोष, असेही वाटू लागते. तो तुमचा दोष नाही, बाई. शंट पुन्हा दुरुस्त करावा लागणे या उपचारात नेहमी घडते, आणि तो तुंबण्याशी तुमच्या थकून बसण्याचा काडीचाही संबंध नाही.

आता हे वाचणे थांबवून, शस्त्रक्रिया झाली त्या विभागाला फोन लावा आणि सांगा : ‘मला शंट बसवलेला आहे, दोन आठवड्यांपासून आडवे झोपता येत नाही, तीन उशा लागतात, मला आजच तपासा.’ तिकडून कुणी ‘कशा आहात?’ असे विचारील, तेव्हा ‘बरी आहे’ हे दोन शब्द तोंडातून निघता कामा नयेत. डोळ्यांच्या मागच्या पडद्याची आणि कडेच्या नजरेची तपासणीही मागून घ्या. उलट्या होत असतील, गुंगी येत असेल, ताप असेल, नळीच्या वाटेवर कातडी लाल झाली असेल किंवा नजर अंधूक होत असेल, तर फोनही न करता थेट तातडीच्या विभागात जा.

राहिला नवरा. तो उत्तर ऐकत नाही हे खरे असेल, पण चार महिने रोज ‘बरं आहे’ ऐकलेल्या माणसाला ‘तुला माझे दुखणे कळत नाही’ असे बजावण्याचा अधिकार मी तुम्हाला इतक्या सहज देणार नाही. फोन ठेवलात की त्याला तुमच्याबरोबर निघायला सांगा, आणि त्याने कारण विचारलेच, तर पलंगावरच्या उशा मोजायला सांगा.