दिवे चालू आहेत, पण मीटर कुणाच्या नावावर?

प्रश्न: आम्ही नुकतेच परदेशात भाड्याच्या घरात राहायला आलो. किल्ली मिळाली तेव्हा दिवे चालूच होते, म्हणून वीज भाड्यातच आली असं आम्ही समजलो. आता ‘घरातील रहिवाशास’ एवढाच पत्ता लिहिलेलं वीज कंपनीचं पत्र आलं आहे. नाव नोंदवलं तर आधीच्या भाडेकरूची थकबाकी आमच्या गळ्यात पडेल का? आणि सोबत आणलेली इस्त्री आणि मिक्सर इथे चालतील का?
– एक वाचक

उत्तर: ते पत्र बाजूला ठेवू नका. त्यावर नाव नाही, कारण कंपनीला सध्या एवढंच माहीत आहे की या पत्त्यावर कुणीतरी वीज वापरतंय. आधी भाडेकरार उघडून वीज भाड्यात धरली आहे का ते बघा. धरली नसेल, तर बिल घर ताब्यात घेतल्या दिवसापासून तुमचंच.

देशाचं नाव तुम्ही लिहिलेलं नाही, आणि नियम देशागणिक बदलतात. जर्मनीत करार न करता वीज वापरायला लागलात, तर त्या भागाचा मूळ पुरवठादार आपोआप तुमचा पुरवठादार होतो. त्याचा दर बहुधा चढा असतो, पण दोन आठवड्यांची नोटीस देऊन त्यातून बाहेर पडता येतं. ब्रिटनमध्ये त्या घराला आधीपासून वीज देणाऱ्या कंपनीशी तुमचा करार झालाच आहे, असं धरलं जातं. अमेरिकेत मात्र जुन्या भाडेकरूने खातं बंद केलं आणि तुम्ही उघडलं नाही, तर वीज तोडली जाऊ शकते. तिथे नवख्या माणसाचा कर्जफेडीचा इतिहास नसतो, म्हणून कंपनी अनामत रक्कमही मागू शकते.

थकबाकीची भीती मनातून काढून टाका. वर सांगितलेल्या देशांत जुनं बिल ज्याने वीज वापरली त्याचं असतं, घराबरोबर ते तुमच्याकडे येत नाही. पण त्याचा वापर कुठे संपला आणि तुमचा कुठे सुरू झाला, हे दाखवणारा आकडा हाताशी हवा. घर ताब्यात घेताना मालकाने रीडिंग लिहून दिलं असेल तर तो कागद शोधा. नसेल तर आजच मीटरचा फोटो काढा, मालकाकडून ताबा घेतल्याची तारीख लेखी घ्या आणि दोन्ही कंपनीला पाठवा. ब्रिटनमधल्यासारखा आधी पैसे भरायचा मीटर असेल, तर जुन्या भाडेकरूच्या कार्डावर एकदाही पैसे भरू नका. त्याची उधारी त्या मीटरवर चढवलेली असली, तर तुमच्या पैशांतून तीच वळती होते. आधी फोन करून नवं कार्ड मागवा.

फोटोत मीटरचा क्रमांक आणि रीडिंग दोन्ही स्पष्ट दिसू द्या. चाकांवर आकडे फिरणाऱ्या जुन्या मीटरमध्ये दशांश दाखवणाऱ्या स्वल्पविरामानंतरचा, बहुधा लाल चौकटीतला आकडा धरायचा नाही. युरोपातल्या डिजिटल मीटरवर आकडे आळीपाळीने येतात. शेजारी १.८.० दिसलं तर तो तुमचा एकूण वापर, १.८.१ आणि १.८.२ असे दोन दिसले तर दोन वेगळ्या दरांचा, उदाहरणार्थ दिवसाचा आणि रात्रीचा. २.८.० म्हणजे घरातून बाहेर गेलेली वीज, सौरपॅनेल असेल तर. ती वापर म्हणून कळवू नका.

यानंतर एक काम कराच. इमारतीत सगळ्यांचे मीटर तळघरात ओळीने असतील, तर मीटरवर लावलेल्या नुसत्या चिठ्ठीवर विसंबू नका. एकाने घरातला मेन स्विच बंद करायचा, दुसऱ्याने मीटरपाशी उभं राहून चकती थांबली का, किंवा मीटरवरच्या दिव्याचं लुकलुकणं थांबलं का, ते पाहायचं. मी राहत होतो त्या इमारतीत दोन मीटरवरच्या चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली होती आणि शेजाऱ्यांच्या हीटरचं बिल आम्ही भरत होतो. ते निस्तरायला पत्रापत्री फार झाली. मेन बंद करून पाहायला पाच मिनिटंही लागत नाहीत.

अनेक ठिकाणी दरमहा अंदाजे हप्ता घेतात आणि वर्षअखेरीस खऱ्या रीडिंगवर हिशोब करतात. अंदाज बहुधा आधीच्या माणसाच्या वापरावरून किंवा घरातल्या माणसांच्या संख्येवरून बांधलेला असतो. हप्ता कमी दिसला म्हणून खूश होऊ नका. दोन महिन्यांचं रीडिंग घ्या, रोजचे युनिट काढा आणि हप्ता त्याप्रमाणे बदलून घ्या. थंडीत वीजेवर घर तापवणार असाल तर हे फार महत्त्वाचं आहे.

करार करताना मंजूर भार किती, हेही विचारा. इटलीत घरगुती जोडणी साधारण ३ किलोवॅटची असते. ओव्हन, वॉशिंग मशीन आणि केटली एकदम लावली की मीटरच वीज तोडतो. जपानच्या बऱ्याच भागांत ३० किंवा ४० अँपिअर असा करार असतो आणि जास्त अँपिअरला मूळ आकारही जास्त पडतो.

आता इस्त्री आणि मिक्सर. प्लगला लावायचा अडॅप्टर फक्त पिनांचा आकार जुळवतो, व्होल्टेज बदलत नाही. तुमच्या वस्तू २३० व्होल्टच्या असतील तर युरोप, ब्रिटन, ऑस्ट्रेलियात चालतील. अमेरिकेत १२० व्होल्टवर १००० वॉटची इस्त्री जेमतेम २७० वॉट देईल, कोमट होऊन बसेल. जपानच्या १०० व्होल्टवर त्याहून कमी. याउलट १२० व्होल्टची वस्तू २३० वर लावली तर ती जळते, कधी आगही लागते. मिक्सरची मोटर कमी व्होल्टेजवर नीट ओढत नाही आणि जोर पडला की तापते. ट्रान्सफॉर्मर मिळतो, पण मिक्सरच्या ताकदीचा घेतला तर जड आणि महाग. तिथलाच मिक्सर विकत घ्यावा हे माझं स्पष्ट मत. फोन आणि लॅपटॉपच्या चार्जरवर मात्र बारीक अक्षरात १००–२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ असं छापलेलं असतं. तेवढं वाचा आणि साधा अडॅप्टर लावून खुशाल वापरा.