परसातलं बी: सात शिरांचे भेंडे पाचावर आले

प्रश्न: ताई, आमच्याकडे सात शिरांचे भेंडे सासूबाईंच्या माहेरून आलेले, लांब, फिकट हिरवे, वीतभर वाढले तरी कोवळेच. त्या गेल्यापासून तीन पावसाळे मी लावतेय. यंदा निम्म्या झाडांना पाचच शिरा, भेंडे काळपट हिरवे नि दोन दिवसांत जून. बी बिघडलं का?
*एक वाचक, साखळी*

उत्तर: बी बिघडलं नाही हो, भेसळ झालीय. शेजारी कुणीतरी दुकानातलं हायब्रीड लावलं असणार, विचारून बघा. भेंड्याचं फूल आपलं आपण फळतं हे खरं, पण मधमाश्या नि भुंगे काय आपला गडगा बघून थांबत नाहीत, ते पलीकडचा पराग आणून टाकतातच. आणि गंमत म्हणजे माशी येते त्या वर्षी काहीच दिसत नाही, भेंडा सातच शिरांचा, कारण फळ आईचं असतं, भेसळ असते आतल्या बीत, ती कळते पुढच्या पावसात.

पण मला शंका वेगळीच येतेय. खरं सांगा, बीला कुठले भेंडे ठेवता? बहुतेक घरांत पहिले सुरेख भेंडे खतखत्यात (मिश्र भाज्यांच्या आमटीत) नि चवथीच्या माटोळीला (गणपतीवर टांगतात त्या फळा-भाज्यांच्या मांडवीला) जातात, आणि शेवटी पानाआड राहून गेलेला, वाकडा, जून झालेला एखादा मिळाला की "हा असू दे बीला". म्हणजे दरवर्षी आपणच चांगलं खाऊन उरलंसुरलं पुढे पेरतो, मग तीन वर्षांत वाण घसरणारच, त्यात माशीचा काय दोष!

आता करायचं असं. यंदा ज्या झाडांना सात शिरा आहेत त्यांतली सहा-आठ निवडा, पाचवाली उपटा, जीव वर आला तरी उपटा. निवडलेल्या झाडांवर संध्याकाळी हिंडून बघा, उद्या उमलणारी कळी फुगलेली असते नि टोकाला पिवळी दिसते, तिला मलमलीची छोटी पिशवी बांधा किंवा टोकाला दोरा गुंडाळा. सकाळी फूल आत आपसूक फळतं. दुसऱ्या दिवशी पिशवी काढून देठाला लाल दोरा बांधायचा, म्हणजे घरात कुणी तो भेंडा तोडणार नाही (आमच्याकडे तरीही एकदा तोडला, भाजी छान झाली, बी गेलं). महिना-सव्वा महिन्यानं भेंडा सुकून तपकिरी होतो, पण आपल्या पावसात झाडावरच कुजतो, तेव्हा रंग बदलला की काढा नि चुलीवरच्या माळ्यावर किंवा पंख्याखाली वाळवा. एकाच झाडाचं बी ठेवू नका, सगळ्यांचं मिसळून ठेवा.

प्रश्न: अळसांद्यांना (चवळीच्या दाण्यांना) दरवर्षी भोंगे, म्हणजे दाणे पोखरणारे किडे, लागतात. राख लावली, कडुलिंबाचा पाला घातला, तरी आषाढात डबा उघडला की नुसतं पीठ.
*एक वाचक, काणकोण*

उत्तर: भोंगा बहुतेक वेळा बाहेरून डब्यात शिरत नाही, शेतातच शेंगेवर अंडी घालतो नि दाण्याबरोबर घरी येतो, म्हणून झाकण कितीही घट्ट लावा, उपयोग नाही. चार-पाच कडक उन्हं द्या, दाणा दाताखाली कट्ट वाजला पाहिजे, दबला तर ओला आहे. मग हवाबंद डब्यात घालून फ्रीझरमध्ये आठवडाभर ठेवा, अंडी-अळ्या सगळं संपतं. बाहेर काढल्यावर झाकण लगेच उघडायचं नाही, डबा खोलीइतका गरम होऊ दे, नाहीतर गार दाण्यांवर दव धरतं. मी वालाचं बी नीट न वाळवता फ्रीझरमध्ये टाकलं होतं, एकही उगवलं नाही, ओल्या दाण्यात बर्फ होतो नि आतला कोंब फाटतो. फ्रीझर नसेल तर किलोला चमचाभर खोबरेल चोळा. आणि जूनच्या आधीच, पुरुमेंताच्या (पावसाळ्यासाठी भरून ठेवायच्या) सामानाबरोबर, बी बाटलीत बंद झालं पाहिजे, आपली पावसाळी हवा बीला मारते. बाटलीच्या तळाला कडक भाजून गार केलेले तांदूळ कापडी पुरचुंडीत घाला, ओल ते शोषतात.

प्रश्न: घरचं बी विकलेलं चालतं का? माझ्याकडे खोल्याच्या (काणकोणातल्या खोला गावच्या) मिरचीचं आहे.
*एक वाचक, फोंडा*

उत्तर: चालतं. 2001 च्या वाण संरक्षण कायद्यानं शेतकऱ्याला आपलं बी राखायला, पेरायला, वाटायला, विकायला मोकळीक आहे, फक्त संरक्षित, म्हणजे या कायद्याखाली नोंदलेल्या, वाणाचं बी ब्रँडचं लेबल लावून विकता येत नाही. खोल्याच्या मिरचीला मात्र भौगोलिक मानांकन आहे, तेव्हा फोंड्यात पिकवलेली मिरची "खोल्याची" म्हणून बाजारात मांडू नका. आणि बीच करायचं तर जवळ दुसरी मिरची नको, मिरची भेंड्याहून जास्त मिसळते.