वाचकांचे प्रश्न : रेडवुडच्या किनाऱ्यावर एकट्यानं

प्रश्न : सप्टेंबरअखेर मुलीकडे सॅन होजेला जातोय. भाड्याची गाडी घेऊन एकट्यानंच उत्तर कॅलिफोर्नियातली रेडवुडची (अतिउंच सूचिपर्णी झाडांची) जंगलं बघायची आहेत. क्रेसंट सिटीपर्यंत दोन दिवसांत जाऊन-येऊन होईल का? (नाशिक)

उत्तर : जाऊन-येऊन होईल, बघून होणार नाही. सॅन फ्रान्सिस्को ते क्रेसंट सिटी 101 नंबरच्या हायवेनं सुमारे 570 किलोमीटर आहे. पण खरी मोठी झाडं हायवेला लागून असलेल्या जुन्या, अरुंद रस्त्यांवर आहेत आणि तिथे घाई चालत नाही. पाच दिवस ठेवा.

पहिल्या दिवशी सरळ 101 नं गार्बरविल गाठा. किनाऱ्याचा हायवे 1 परतीसाठी राखून ठेवा. तिथे गाडी उजवीकडून चालते, त्यामुळे दक्षिणेकडे येताना समुद्र तुमच्या बाजूला राहतो आणि थांबायला समोरची वाहतूक ओलांडावी लागत नाही. (कोकणात हेच गणित उलट.) लेगेटहून किनाऱ्याला उतरणारा तुकडा अतिशय वळणाचा आहे, तो उजेडातच करा.

दुसरा दिवस पूर्णपणे ‘अ‍ॅव्हेन्यू ऑफ द जायंट्स’ला द्या. हा राज्य रस्ता 254, लांबी 31 मैल, 101 ला समांतर. नेमकी इथेच बहुतेकांची फसगत होते : यूरेकाचा पत्ता टाकून निघालात की फोनवरचा नकाशा वेळ वाचवायला पुन्हा पुन्हा 101 वर काढतो. म्हणून याच रस्त्यावरच्या फाउंडर्स ग्रोव्ह या राईचा पत्ता टाका. तिथे 1991 मध्ये उन्मळून पडलेला डायरविल जायंट हा रेडवुड आडवा आहे. उभ्या झाडाची उंची डोळ्यांत मावत नाही, पडलेल्याच्या कडेनं चालल्यावर ती कळते. रेडवुडची मुळं जेमतेम दोन-चार मीटर खोल असतात, आडवी मात्र तीस मीटरपर्यंत पसरतात. माती तुडवली गेली की त्यांना इजा होते, म्हणून पायवाट सोडायची नाही. मुक्काम यूरेकाला.

तिसऱ्या दिवशी ओरिक ओलांडून ‘न्यूटन बी. ड्रुरी पार्कवे’ घ्या. दहाच मैल, पण आमच्या मते सगळ्या प्रवासातला सर्वांत देखणा पक्का रस्ता. कुरणात रूझवेल्ट एल्क (मोठ्या जातीची हरणं) दिसतील. सप्टेंबर हा त्यांचा माजाचा काळ, त्यामुळे किमान 25 यार्ड लांब राहा. फर्न कॅन्यन या घळीकडे जाणारा डेव्हिसन रोड कच्चा आहे. मे मध्यापासून सप्टेंबर मध्यापर्यंत तिथे गाडी न्यायला आधी परवाना काढावा लागतो. तुमच्या तारखा त्यानंतरच्या आहेत. चौथ्या दिवशी क्रेसंट सिटीजवळचा हॉवलंड हिल रोड आणि स्टाउट ग्रोव्ह. हाही रस्ता कच्चा. भाड्याच्या गाडीचा करार आधी वाचा : कच्च्या रस्त्यावर झालेल्या नुकसानीला विमा लागू नाही, असं कलम बऱ्याच करारांत असतं. क्लामथच्या उत्तरेला ‘लास्ट चान्स ग्रेड’ या 101 च्या टप्प्यावर दरड सतत सरकते; कामासाठी एकच लेन चालू असू शकते, वेळेत तेवढी सूट धरा.

प्रश्न : भारतीय लायसन्स आणि कार्ड चालतं का? (पुणे)

उत्तर : पर्यटकाला स्वतःच्या देशाच्या वैध लायसन्सवर कॅलिफोर्नियात गाडी चालवता येते. आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना काढून ठेवा. पण तो नुसता उपयोगाचा नाही, मूळ लायसन्स सोबत हवंच. गाडी घेताना चालकाच्याच नावाचं क्रेडिट कार्ड मागतात. पंपावरचं यंत्र अमेरिकन पाच आकडी झिप कोड (तिथला पिनकोड) विचारतं आणि आपलं कार्ड तिथे अडतं. आत काउंटरवर पंपाचा नंबर सांगून आधी पैसे भरा. गोल्डन गेट पुलावर टोल फक्त दक्षिणेकडे येताना लागतो, तोही रोख घेत नाहीत. गाडीच्या कंपनीमार्फत भरल्यास वर सेवाशुल्क किती, ते आधीच विचारा.

प्रश्न : एकटी बाई, फोनला रेंज नाही. काय काळजी घ्यावी? (सिअ‍ॅटल)

उत्तर : नकाशे फोनमध्ये उतरवून घ्या, रोजचा मार्ग आणि पोचण्याची वेळ घरी कळवा. टाकी अर्धी झाली की भरा : गार्बरविल, यूरेका, क्रेसंट सिटी. झाडीत दिवसाही हेडलाइट लावा आणि गॉगल काढा, कारण उन्हातून एकदम सावलीत शिरताना डोळ्यांना क्षणभर काहीच दिसत नाही. काही ठिकाणी खोडं रस्त्याच्या अगदी कडेला आहेत. मागे पाच गाड्या साचल्या तर बाजूच्या टर्नआउटमध्ये (रस्त्याकडेच्या रुंद जागेत) जाऊन वाट देणं कायद्यानं बंधनकारक आहे. पायवाटेच्या तोंडाशी गाडी लावताना पर्स, बॅग काहीही बाहेरून दिसू देऊ नका. समुद्राकडे पाठ करून उभं राहू नका. शांत दिसणाऱ्या पाण्यातूनही मोठी लाट अचानक वर येते, आणि पाणी हाडं गोठवणारं असतं.

प्रश्न : जगातलं सर्वांत उंच झाड, हायपेरियन, बघता येईल का? (सांगली)

उत्तर : नाही. 2006 मध्ये सापडलेलं हे झाड 115 मीटरहून उंच आहे. तिथे पायवाट नाही. लोकांनी झाडी तुडवल्यामुळे 2022 पासून तो भाग बंद आहे. गेल्यास 5000 डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. शिवाय बुंध्याशी उभं राहून त्याचा शेंडा दिसतच नाही. त्यापेक्षा क्रेसंट सिटीजवळचा ग्रोव्ह ऑफ टायटन्स बघा, तिथे आता उंचावरून जाणारी फळ्यांची वाट आहे.